लाल साडी तशीच राहू दे: जेसिका रॅबिट आणि एका एकांकिकेचं प्रकरण

प्रकरण एका एकांकिकेचं आहे, आणि तिचा गुंता सुटला तो जेसिका रॅबिट या सिनेमातल्या कार्टूनपात्रामुळे. फोंड्यात दर शनिवारी संध्याकाळी नाट्यलेखनाची एक कार्यशाळा चालायची. दहाबारा जण यायचे आणि त्यांना वाट दाखवायला मी असायचे. साखळीच्या एका तरुण लेखकाने सुरुवातीलाच आपली संहिता वाचून दाखवली. म्हापशात एका वकिलाकडे काम करणारा कारकून. बायको वारलेली, संध्याकाळी दोन पेग लागतात, बाकी माणूस सरळ. एके दिवशी कचेरीत एक बाई येते. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर गाणारी. लाल साडी, मोकळे केस, खालच्या सुरातलं बोलणं. नवरा तारवटी, वर्षाचा बराचसा काळ समुद्रावर. तिच्या हातात एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि नवऱ्याने दिलेलं मुखत्यारपत्र. नवऱ्याचं नाव उताऱ्यावरून गायब झालंय, ते परत चढवून हवंय, असं तिचं म्हणणं. गाव म्हणतं, नवरा बोटीवर असताना ही जमीन गिळायला निघाली.

पहिल्या मसुद्यात गावाचं खरं ठरतं. कारकून भुलतो, खोटे कागद करतो, पोलीस त्याला उचलतात, बाई पैसे घेऊन पसार. वाचन संपल्यावर डिचोलीच्या एका शिक्षिकेने एवढंच म्हटलं, "ही बाई आम्ही किती वेळा बघायची?" लेखकाने ते मनावर घेतलं आणि पुढच्या खेपेला दुसरा मसुदा आणला. त्यात ती बाई निर्दोष होती. पण ते आपल्याला कसं कळतं? शेवटी ती रडते. गरिबी, सावत्र आई, कॅसिनोत गावं का लागलं, सगळं एका लांबलचक स्वगतात सांगते आणि जमिनीवर पाणी सोडून निघून जाते. पहिला मसुदा निदान पळत तरी होता, हा बसूनच राहिला.

दोन्ही मसुद्यांत बाई एकच होती, हे लेखकाला पटवणं अवघड गेलं. एकात ती दोषी आणि दुसऱ्यात निर्दोष, मग एक कशी, असा त्याचा प्रश्न. माझं म्हणणं होतं की लाल साडी नेसून आलेल्या बाईने प्रेक्षकाला खुलासा द्यायला हवा, हे दोन्हीकडे गृहीतच धरलंय. पहिल्यात खुलासा देताना ती पकडली जाते, दुसऱ्यात माफ केली जाते. न्यायासनावर बसलेला माणूस तोच राहतो. वाद पुढे सरकेना, म्हणून एका शनिवारी लेखन बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' दाखवला.

1947 सालचं लॉस एंजेलिस

सिनेमा 1988 सालचा, रॉबर्ट झेमेकिस यांचा. अ‍ॅनिमेशनचं दिग्दर्शन रिचर्ड विल्यम्स यांचं. माणसं आणि कार्टूनपात्रं एकाच शहरात राहतात. कार्टूनपात्रं म्हणजे 'टून्स'. ती स्टुडिओत कामं करतात, त्यांची वस्ती वेगळी, तिचं नाव टूनटाउन. एडी व्हॅलियंट हा दारूत बुडालेला गुप्तहेर. त्याच्या भावाला एका टूनने मारलंय, म्हणून टून्सवर त्याचा राग. मॅरून नावाचा स्टुडिओमालक त्याला एक काम देतो: रॉजर रॅबिट या आपल्या विनोदी नटाची बायको जेसिका भलत्याच माणसाबरोबर दिसतेय, तिचे फोटो काढून आण.

ज्या क्लबात जेसिका गाते तिथे कलाकार सगळे टून्स आणि गिऱ्हाईक फक्त माणसं. कोणी नाचायचं आणि कोणी बसून बघायचं हे दारातच ठरलेलं आहे. बाई रंगमंचावर येण्याआधीच सिनेमाने ही व्यवस्था दाखवून ठेवली आहे. मग पडद्याआडून लाल पोशाखातला एक पाय बाहेर येतो. एका डोळ्यावर केस, कंबर असून नसल्यासारखी, आवाज घोगरा. चाळीसच्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटांनी जी बाई घडवली, नायकाला भुरळ घालून खड्ड्यात नेणारी, जिला समीक्षेत 'फाम फताल' म्हणतात, तिच्या सगळ्या खुणा इथे एकत्र आणल्या आहेत. इतक्या एकत्र की जिवंत बाईला त्या पेलल्याच नसत्या.

एडी थक्क होतो. ही सशाची बायको? शेजारी बेटी बूप उभी असते. तिसाच्या दशकातली ही गाजलेली कार्टूननायिका, रंगीत कार्टून आल्यावर काम सुटलेली, आता क्लबात सिगारेटी विकणारी. ती म्हणते, हो ना, काय नशीबवान बाई आहे! प्रेक्षागृह या वाक्यावर हसतं, आमची खोलीही हसली. विनोद आपल्या अपेक्षेवर आहे. आपण म्हणणार होतो की सशाचं नशीब थोर. त्या व्यवसायात मुरलेली बाई मात्र उलटं सांगते, आणि पुढच्या दीडेक तासात तिचंच खरं ठरतं. उत्तर दहाव्या-पंधराव्या मिनिटाला कोणीतरी मोठ्याने सांगून टाकलेलं असतं आणि आपण ते विनोद म्हणून सोडून देतो.

फोटो निघतात. आडून बघणाऱ्या एडीला, आणि त्याच्या मागून आपल्याला, वाटतं की आत व्यभिचार चाललाय. आत जेसिका आणि अ‍ॅक्मे हा गमतीच्या वस्तूंचा कारखानदार टाळ्यांचा खेळ खेळत असतात. पोरं समोरासमोर बसून हातांवर हात मारतात तोच. टून्सच्या जगात मात्र हा खेळ म्हणजे भयंकर जवळीक, आणि रॉजर ते फोटो पाहून काचेतून आरपार बाहेर पडतो. त्याच रात्री अ‍ॅक्मेच्या डोक्यात तिजोरी पडते. संशय रॉजरवर, आणि त्याला या थराला आणणारी म्हणून आपल्या मनात जेसिकावर.

इथे मी सिनेमा थांबवला आणि खून कोणाच्या फायद्याचा ते विचारलं. बहुतेकांनी जेसिकाचं नाव घेतलं. कशावरून? उत्तरं गमतीची होती. चालण्यावरून, आवाजावरून, "एवढी सुंदर बाई सशाशी लग्न कशाला करील?" पुरावा म्हणावा असं एकही उत्तर नव्हतं. पेडण्याहून येणारे एक वयस्क दशावतारी कलाकार गप्प होते. आयुष्यभर स्त्रीपार्ट केलेले. त्यांचं मत मी नंतर देते.

तिचं खोटं शोधा

दुसऱ्यांदा थांबवलं ते जेसिका एडीच्या कचेरीत येते त्या प्रवेशानंतर. गुन्हेपटात हा प्रवेश ठरलेला असतो. रात्र, गुप्तहेराची खोली, दारात बाईची सावली. ती मदत मागते, खोटी गोष्ट सांगते, तो अडकतो. 'द माल्टीज फाल्कन'मध्ये (1941) असंच होतं आणि शेवटी गुप्तहेर तिला पोलिसांच्या हवाली करतो. 'डबल इंडेम्निटी'त (1944) विमा कंपनीचा माणूस तिच्यासाठी खून करतो आणि शेवटी तिच्यावरच गोळी झाडतो. हॉलिवूडमध्ये 1934पासून कडकपणे राबवलेल्या नियमावलीत पापाला शिक्षा दाखवणं भागच होतं, त्यामुळे अशा बाईचा शेवट तिच्या प्रवेशातच लिहिलेला असायचा.

जेसिका तशीच येते, तशीच उभी राहते आणि खरं सांगते. मॅरूनला अ‍ॅक्मेला धमकवायचं होतं. फोटोसाठी उभी राहिली नाहीस तर रॉजरला या गावात काम मिळणार नाही, असं त्याने तिला बजावलं होतं. नवऱ्यासाठी मी काहीही करीन. आणि मग ते वाक्य, ज्यासाठी हे पात्र लोकांच्या लक्षात राहिलं: मी वाईट नाही, मला काढलंच तसं आहे.

एडी विश्वास ठेवत नाही. मी खोलीत विचारलं, तुम्ही ठेवलात का? डिचोलीची शिक्षिका म्हणाली, शब्द ऐकूच आले नाहीत, आवाजच ऐकत राहिले. लेखनाच्या वर्गात मला याहून उपयोगी उत्तर मिळालेलं नाही. कॅथलीन टर्नर यांचा तो आवाज (श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही) खोटं बोलण्यासाठीच केल्यासारखा आहे, आणि त्यातून सगळी साधी, तपासता येतील अशी विधानं येतात. आपण सूर ऐकतो आणि मजकूर टाकून देतो.

सिनेमा संपल्यावर मी सगळ्यांना एकच काम दिलं. जेसिका एडीशी जे जे बोलते ते आठवून लिहा आणि त्यातलं खोटं शोधा. एकालाही सापडलं नाही. लपवलेल्या गोष्टी सापडल्या. रॉजरच्या डोक्यात तवा घालून त्याला गाडीच्या डिकीत टाकणं, ही त्यातली सर्वांत आवडलेली. त्याला वाचवण्यासाठी केलेलं कृत्य, पण बाहेरून अपहरणच. आणि एक गोष्ट खरोखर गंभीर सापडली. फोटोंचा सापळा अ‍ॅक्मेसाठी होता आणि जेसिका त्यात जाणूनबुजून उभी राहिली. याच अ‍ॅक्मेने टूनटाउन टून्सच्या नावे करणारं आपलं मृत्युपत्र तिच्याकडे सांभाळायला दिलं होतं. म्हणजे ती निष्पाप नाही. एका भल्या माणसाला तिने फसवलंय, जबरदस्तीखाली का होईना. सिनेमा यावर फार रेंगाळत नाही, मला वाटतं रेंगाळायला हवं होतं. पण तिचं ते वागणं तिने स्वतः, न विचारता, गुप्तहेराला सांगितलंय, हेही तितकंच खरं.

पात्र उलटवण्याची नेहमीची रीत म्हणजे उलगडा. शेवटी मुखवटा उतरतो आणि आतून वेगळीच व्यक्ती निघते. जेसिकाच्या बाबतीत उतरायला काही नाही. ती शेवटी बदलत नाही, सुधारत नाही, पश्चात्ताप करत नाही. पहिल्या गाण्यात होती तशीच शेवटच्या प्रवेशात आहे. बदलतो तो एडी.

टूनटाउनच्या गल्लीत हे सगळं एका गोळीत येतं. मॅरूनचा खून झालेला असतो, एडीने जेसिकाला तिथून पळताना पाहिलेलं असतं. तो पाठलाग करत टूनटाउनमध्ये शिरतो. तिथे आधी एक थट्टा आहे: दुरून अगदी जेसिका वाटणारी एक आकृती जवळ गेल्यावर भलतीच कुरूप बाई निघते आणि एडीच्याच मागे लागते. आकृती पाहून निष्कर्ष काढण्याची त्याची खोड इतकी उघड आहे. मग खरी जेसिका पिस्तूल घेऊन समोर येते आणि गोळी झाडते. एडीला वाटतं आपल्यावर. गोळी त्याच्या मागे उभ्या असलेल्या जज डूमवर झाडलेली असते. तिने त्याचा जीव वाचवलेला असतो, तरी त्याला ते लगेच गळी उतरत नाही.

आता जज डूम. न्यायाधीश, काळा कोट, कायद्याची भाषा. अ‍ॅक्मेला यानेच मारलं आणि मॅरूनलाही. ट्राम कंपनी विकत घेऊन बंद पाडायची, टूनटाउन पुसून टाकायचं आणि तिथून महामार्ग काढायचा हा त्याचा बेत. आणि शेवटी कळतं की हा माणूसच नाही. माणसाचं कातडं पांघरलेला टून आहे, एडीच्या भावाला मारणारा.

गुन्हेपटातली ती बाई काय काय करते? खरा चेहरा लपवते, पैशाच्या मागे असते, गुप्तहेराला साधन म्हणून वापरते, त्याला विनाशाकडे नेते. ही सगळी कामं या सिनेमातही होतात, फक्त ती वेगळ्या लोकांना वाटून दिली आहेत. चेहरा लपवणारा जज आहे, लोभही त्याचाच. एडीला साधन म्हणून वापरतो तो मॅरून. जेसिकाकडे त्या बाईचा फक्त पोशाख उरतो. प्रेक्षक पोशाखाकडे बघत बसतो आणि कामं दुसरीकडे उरकली जातात. साखळीच्या लेखकाने हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. जमिनीच्या प्रकरणात चेहरा लपवणारा कोण, हे त्याला त्या क्षणी सुचलं असावं.

ती कोणी काढली

पेडण्याच्या काकांना मी शेवटी विचारलं. ते म्हणाले, "ती खरें सांगता, पूण आयकता कोण?" मग थोडं थांबून मराठीत, नाटकाच्या माणसाने द्यावं तसं स्पष्टीकरण दिलं. दशावतारात बाईचं सोंग पुरुष घेतो. प्रेक्षकाला काय बघायचंय ते ठाऊक असतं, तेवढंच तो घेतो: मान वळवणं, पदर, चाल. तीच बाई म्हणून लोक घरी घेऊन जातात. बाई अशी चालत नाही हे घरी बायको चालताना दिसत असूनही.

हे जेसिकाला जितकं लागू पडतं तितकं फार थोड्या पात्रांना पडेल. तिच्या रूपामागे विल्यम्स यांच्यासमोर रिटा हेवर्थ, व्हेरोनिका लेक अशा पडद्यावरच्या बायका होत्या. शिवाय टेक्स अ‍ॅव्हरी यांच्या 1943 सालच्या कार्टूनमधली ती गाणारी लाल पोशाखातली पोरगी, जिला पाहून लांडग्याचे डोळे खोबणीबाहेर येतात. बोलणं टर्नर यांचं, गाणं एमी अर्विंग यांचं, चित्रीकरणाच्या वेळी हालचालींसाठी उभ्या राहिल्या त्या बेट्सी ब्रँटली. संगणकावर नाही, हाताने, एकेक चौकट काढून ती हलवली, मग छाया आणि चमक वेगळ्या थरांनी चढवली. गंमत म्हणजे रिटा हेवर्थ यांचं 'गिल्डा'तलं (1946) गाणंही दुसऱ्याच गायिकेच्या गळ्यातलं आहे. ज्या मूळ प्रतिमेची ही नक्कल, ती प्रतिमाही जोडकामाची होती. आणि गिल्डाही, लक्षात घेतलं तर, बोलतात तितकी वाईट नसतेच.

म्हणून 'मला काढलंच तसं आहे' हे वाक्य नुसता चटकदार संवाद नाही. कार्टूनच्या जगात तो शब्दशः खरा जबाब आहे. हाडामांसाच्या नटीने असं म्हटलं असतं तर ते गाऱ्हाणं झालं असतं. जेसिकाला खरोखर कोणीतरी टेबलावर बसून काढलंय, आणि ते सांगून ती बोट काढणाऱ्याकडे आणि बघणाऱ्याकडे वळवते. अ‍ॅनिमेशनशिवाय हे जमलं नसतं, हे माझं ठाम मत.

फोंड्यापासून मार्दोळ जवळ. तिथल्या म्हाळसेला मोहिनीचं रूप मानतात, त्यामुळे भुरळ घालणारी बाई म्हणजे पापीण, हे समीकरण आमच्या वर्गात तसंही सरळ चालत नव्हतं. भस्मासुर मोहिनीच्या नाचाची नक्कल करत स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. मोहिनी त्याला हातही लावत नाही. पण मोहिनी फसवते हे खरंच, देवांसाठी का होईना. जेसिका त्याच्याही पुढे जाते, ती फसवतच नाही, आणि तरी समोरच्याचा हात स्वतःच्या डोक्यावर जातो.

जवळचं उदाहरण मला दुसरंच वाटतं आणि ते आमच्या जत्रांच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या बघितलेलं: देवलांचं 'संशयकल्लोळ', 1916 सालचं. रेवती नायकिणीच्या घरातली, म्हणून ती एकनिष्ठ असूच शकत नाही असं धरून चालणारे लोक, आणि एका तसबिरीवरून पेटलेला गोंधळ. रेवती आश्विनशेठवर मनापासून प्रेम करते हे नाटक आपल्याला पहिल्यापासून सांगतं, म्हणून आपण संशय घेणाऱ्यांना हसतो. इथेच जेसिकाचा सिनेमा वेगळी खेळी करतो. तिथे आपल्याला आधी सांगत नाहीत, किंवा सांगतात पण बेटी बूपच्या तोंडून, विनोदात. संशय घेणारे आपण असतो. गोव्यात, जिथे गाणाऱ्या घराण्यातल्या बायकांकडे एकेकाळी काय नजरेने पाहिलं जायचं हे घराघरांत ठाऊक आहे, तिथे हा फरक कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

शिक्षिकेचा आक्षेप

सगळं इतकं कौतुकाने चाललेलं असताना डिचोलीच्या शिक्षिकेने हात वर केला. म्हणजे वाईट बाई नाही हे सिद्ध कशाने झालं? ती नवऱ्यावर जीव टाकते याने. घातकी बाईच्या चौकटीतून काढली आणि पतिव्रतेच्या चौकटीत बसवली. आमच्याकडे ती दुसरी चौकट जास्त जुनी आहे आणि जास्त घट्ट.

आक्षेप खोटा नाही. जेसिकाला नवऱ्याबाहेर काही हवं आहे का, हे सिनेमा विचारतच नाही. क्लबात गाणं तिला आवडतं की पोटासाठी करते, माहीत नाही. आणि शेवटच्या मोठ्या प्रवेशात, जिथे सगळा हिशेब चुकता होतो, तिथे ती रॉजरबरोबर दोराने बांधलेली लटकत असते. वाचवायला एडी. इतका वेळ पिस्तूल, गाडी, तवा लीलया चालवणारी बाई ऐनवेळी ठरलेल्या जागी बांधून ठेवली आहे. शिवाय कॅमेरा तिच्याकडे जसा बघतो त्यात निषेध कमी आणि चव जास्त आहे. झडती घेणाऱ्या वीझल (मुंगसासारखा प्राणी) गुंडाचा हात तिच्या पोलक्यातल्या सापळ्यात अडकतो, हा विनोद दोन्ही डगरींवर पाय ठेवून केलेला आहे: हात घालणाऱ्याला शिक्षा, पण हात घातलेला बघायलाही मिळतो.

तरी पतिव्रतेच्या चौकटीत ती पुरती बसत नाही. का निवडलंस या सशाला, असं विचारल्यावर तिचं उत्तर एका ओळीचं आहे: तो मला हसवतो. यात कर्तव्य नाही, व्रत नाही, आवड आहे. पतिव्रतेच्या कथेत नवरा कसा आहे याने फरक पडत नाही, इथे फक्त त्यानेच पडतो. भूक आणि पैसा यांवर चालणाऱ्या त्या शहरात तिने विनोदाची जाण पाहून जोडीदार घेतला. शिक्षिकेला हे अर्धंच पटलं. मलाही तेवढंच पुरलं.

ज्या कादंबरीवरून सिनेमा निघाला (गॅरी वुल्फ, 1981), तिच्यातली जेसिका बरीच स्वार्थी आणि थंड आहे, म्हणजे साच्याला धरून. उलटवण्याचं काम सिनेमाने केलं. पुढे वुल्फ यांनीच 1991च्या दुसऱ्या पुस्तकात पहिली कथा म्हणजे जेसिकाला पडलेलं स्वप्न होतं असं ठरवून टाकलं. पडद्यावरचं पात्र लेखकाला हलवून जातं, याचं इतकं उघड उदाहरण क्वचितच मिळतं.

आणखी एक गोष्ट वर्गात निघाली. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये रॉजर रॅबिटच्या नावाची एक सफर आहे, 1994पासूनची. 2021 साली तिथे जेसिकाला नवी भूमिका मिळाली, ती स्वतःच गुप्तहेर झाली, लांब कोट आणि टोपी घालून. मुलांना चांगलं उदाहरण म्हणून ते ठीक असेल. पण कोट घातल्यावर मूळची खोडी गेली. कोटातली बाई हुशार आणि विश्वासू आहे यावर कोणीही पहिल्या नजरेत विश्वास ठेवील. खरी मात तेव्हा होती जेव्हा ती चमचमत्या लाल पोशाखात विश्वासू होती.

तिसरा मसुदा

यानंतर लेखकाने जो मसुदा आणला त्यात कथानक जवळपास पहिलंच होतं, शेवट सोडून. बाई पहिल्या प्रवेशात कचेरीत येते आणि पहिल्या चार वाक्यांत सगळं खरं सांगून टाकते: नवऱ्याचं नाव उताऱ्यावरून कोणी काढलं, कधी काढलं, मामलेदार कचेरीत कोणते कागद आहेत. कारकून ऐकतो, पण तिच्याकडे बघत ऐकतो. पुढची पंचवीस मिनिटं तो तिचं खोटं पकडायला म्हापसा, पणजी, साखळी असा फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी तिचंच वाक्य खरं निघतं. चेहरा लपवणारा निघतो नवऱ्याचा चुलतभाऊ, देवस्थानचा महाजन (म्हणजे वंशपरंपरेने मानकरी), पांढऱ्या कपड्यांतला, कारकुनाला पहिल्यांदा सावध करणारा गृहस्थ.

वाचनाला रंगत आली. तालमीत मात्र दोन भांडणं झाली. पहिलं साडीवरून. दिग्दर्शकाला वाटलं, बाई शेवटी प्रामाणिक निघते तर तिला सुती, फिकट साडी द्यावी, म्हणजे प्रेक्षकाला खटकणार नाही. खटकायलाच हवं ना! फिकट साडीत तीच चार वाक्यं पहिल्या प्रवेशातच पटतात आणि उरलेली पंचवीस मिनिटं कशासाठी आहेत हे कोणाला कळणार नाही. पेडण्याच्या काकांनी लेखकाची बाजू घेतली आणि साडी लालच राहिली. चार वाक्यं कशी म्हणायची तेही काकांनीच नटीला बसवून दिलं. लाडात म्हणायचं नाही, निष्पापपणेही नाही, बसचा टाइम सांगावा तसं सांगायचं, बाकीचं साडी बघून घेते. पहिल्या तालमीत बघायला आलेली पोरं ती वाक्यं चालू असताना आपापसात बोलत होती. काका खूश झाले. बरोबर चाललंय, म्हणाले.

दुसरं भांडण शेवटच्या प्रवेशाचं. मसुद्यात कारकून मामलेदारासमोर कागद ठेवून बाईची बाजू मांडत होता आणि ती बाजूला उभी होती. शिक्षिकेने विचारलं, दोरी कुठे आहे? सगळ्यांच्या लक्षात आलं. जेसिकाला जिथे बांधून ठेवलं होतं, तिथेच ही उभी केली होती, फक्त दोरीशिवाय. लेखक कुरकुरला. मुखत्यारपत्र तिच्या नावे आहे, पण कायद्याची भाषा कारकुनाला येते, असं त्याचं म्हणणं. मग काकांनी सुचवलं की भाषा त्याचीच राहू दे, पण कागद तिच्या हातात हवेत. तो बोलेल तसतसा एकेक कागद ती टेबलावर ठेवील, आणि एक कागद तो विसरेल.

आता तो प्रवेश तसाच आहे. कारकून महाजनाच्या सहीबद्दल बोलायचं विसरतो, ती तो कागद स्वतःहून पुढे सरकवते, मामलेदार वाचतो. संवाद एकही नाही. पहिल्या मसुद्यातला कॅसिनोतल्या गाण्याचा प्रवेश लेखकाने अजून काढलेला नाही. तो का हवा याचं उत्तर त्याच्याकडे नाही, आणि माझ्या मते तो कॅमेऱ्याच्या चवीचाच भाग आहे. शिक्षिका म्हणते ठेवा, पण तिने गाताना कोणाकडे बघायचं ते लिहा. त्यावर वाद चालू आहे.